ब्यूमाँटची आतली मूठ

प्रबोध टिपणीसला जुन्या गाड्यांचं वेड नव्हतं. वेड होतं ते त्याच्या अमेरिकन गिऱ्हाइकांना, आणि त्या वेडापायी त्याचे शनिवार मजेत जात.

एरवी तो जहाजांचा सर्व्हेयर. लाँचमधून बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजापाशी जायचं, दोराची शिडी चढायची, पंप, होड्या, दारं तपासायची, फॉर्मवर टिक करायची आणि सही ठोकायची. वीस वर्षं सिंगापूरला राहून त्याची सही इतकी सराईत झाली होती की पुष्कळदा ती तपासणीच्या आधीच होऊन जायची. हे त्याच्या धंद्यातले सगळेच जाणून होते, फक्त कुणी बोलत नसे. बाहेर ऊन रणरणतं, पुढचं जहाज वाट बघत असतं, आणि मेसमध्ये चहा तयार असतो. मग चौदा कलमांच्या यादीतली सात डोळ्यांनी होतात आणि सात चहाच्या घोटांबरोबर.

गाड्यांचं काम त्याला एका कॅप्टनच्या ओळखीने मिळालं होतं. या भागात कुणाकडे जुनी गाडी निघाली की अमेरिकेतला संग्राहक विमानाचं तिकीट काढण्याआधी प्रबोधला पाठवी. २०१५च्या मार्चमध्ये डेट्रॉइटच्या डेल व्हिटकॉमचा फोन आला तेव्हा तो साठीचा गृहस्थ लहान मुलासारखा धापा टाकत होता.

"१९६७ची ब्यूमाँट," तो म्हणाला. "तुला कळतंय का मी काय म्हणतोय?"

प्रबोधला कळत नव्हतं. व्हिटकॉमने समजावलं. ही गाडी फक्त कॅनडात विकली गेली. अंगाने अमेरिकन गाडीसारखीच, पण आतला डॅशबोर्ड दुसऱ्याच गाडीचा आणि अंगावर मेपलचं पान. "माझ्या गल्लीतली प्रत्येक गाडी मला तोंडपाठ होती. आणि ही नदीच्या पलीकडे, आमच्या खिडकीतून दिसेल इतक्या जवळ विकली जायची, पण आम्हाला द्यायचे नाहीत. पन्नास वर्षं मी त्या पलीकडच्या गाडीकडे बघतोय." मग त्याने हळूच विचारलं, "पुढच्या जाळीतून वायर लोंबतेय का बघशील? इंजिन गरम ठेवायची?"

कॅनडातल्या थंडीत रात्री गाडी भिंतीतल्या विजेच्या प्लगला जोडून ठेवतात, गोठ्यात म्हैस बांधावी तशी. प्रबोधला हे ठाऊक होतं. त्याच्या मित्राने, नंदूने, सांगितलं होतं. आणि मग व्हिटकॉमने मालकिणीचं नाव-पत्ता सांगितला: आशालता सुर्वे, बिशान, सिंगापूर.

प्रबोधने नाव पुन्हा विचारलं. तेच होतं.

नंदू सुर्वे त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, जहाजावर इंजिनिअर. कॅनडात हॅलिफॅक्सला जहाज दुरुस्तीला लागलं असताना त्याने ही गाडी एका म्हाताऱ्याकडून घेतली आणि कंटेनरमध्ये घालून सिंगापूरला आणली. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे इथल्या रस्त्यावर काढायची सोय नाही. पठ्ठ्याने सिन मिंगच्या वर्कशॉपांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक गाळा भाड्याने घेतला आणि प्रत्येक सुट्टीत तिथे जाऊन गाडी पुसत बसला. त्याची बायको, आशावहिनी, तिला सवत म्हणायच्या.

२०१३च्या ऑक्टोबरात नंदू गेला. आपल्याच जहाजावर, मांस ठेवायच्या थंड खोलीत. उणे अठरा. गळणारी नळी बघायला आत गेला, अडवून ठेवलेलं दार जहाजाच्या हेलकाव्याने मागे लागलं आणि आतली मूठ फिरली नाही. आतून मदतीला बोलवायची घंटाही वाजली नाही. चौकशीत वेळ काढली गेली: एक्केचाळीस मिनिटं. तेवढ्यात माणूस नुसत्या थंडीने मरत नाही, पण नंदूचं हृदय थांबलं. दार उघडलं तेव्हा त्याचा हात मुठीवरच होता.

त्या दाराच्या आतल्या मुठीपुढे अकरा दिवसांपूर्वी टिक केलेली होती. खाली सही प्रबोध टिपणीस.

त्या दिवशी मेसमध्ये नंदूनेच चहा ओतला होता. "पब्या, मीट रूमची मूठ अडकते रे. तू लिही म्हणजे ऑफिस पार्ट पाठवेल. माझं कुणी ऐकत नाहीये." प्रबोध "बघतो" म्हणाला आणि लाँचवाल्याने भोंगा दिला. त्याने चहा संपवला, चौदाही कलमांवर टिक केली आणि उतरला. चौकशीत त्याने कानावर हात ठेवले. मूठ तपासली होती, चालत होती, कुणी काही बोललं नव्हतं. निष्कर्ष निघाला तो नंदूच्या बेफिकिरीचा: कुणाला न सांगता एकटा आत गेला. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना सुरक्षेचे धडे देणाऱ्या माणसाच्या नावापुढे तो शब्द कायमचा चिकटला.

गाडीच्या कामाला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर का, हा प्रश्न आला असता. प्रबोधने हो म्हटलं.

*

शनिवारी दुपारी दोनला तो सिन मिंगला पोचला. लिफ्टपाशी गाळ्याचा मालक मिस्टर को सिगारेट ओढत होता. प्रबोधने गाडीबद्दल विचारल्यावर त्याने मान हलवली. "एअरकॉन नो हॅव, बट ऑल्वेज कोल्ड, लाह. माय बॉइज डोन्ट लाइक." गाडीत एसी नाही तरी ती सदा गार, म्हणून त्याची कामाची पोरं तिच्याजवळ जात नव्हती.

आशावहिनी गाळ्याच्या दाराशी उभ्या होत्या. फिकट निळा कुडता, खांद्याला शाळेची पिशवी. त्या बिशानच्या एका बालवाडीत शिकवत. दीड वर्षात बऱ्याच वाळल्या होत्या.

"या भावजी. म्हटलं, तपासायचंय तर घरच्याच माणसाने तपासलेलं बरं."

"अमेरिकन माणसाने मला नेमलंय वहिनी, योगायोगाने."

"योगायोग कसला? मीच तुमचं नाव सुचवलं त्याला."

गाडी गर्द हिरवी होती. पुढच्या जाळीतून काळी वायर बाहेर आली होती आणि तिचं टोक कुणीतरी सुतळीने नीट बांधून ठेवलं होतं. मेपलचं पान घासून लख्ख केलेलं. व्हिटकॉमला आवडेल असे फोटो प्रबोधने भराभर काढले. काम सुरू झालं की माणूस भीती विसरतो, तसं त्याचं झालं.

काचा मात्र धुरकट होत्या. त्याने एक रुमालाने पुसली, तर रुमाल ओला झाला. दव बाहेरून धरलं होतं. आत थंडी असली आणि बाहेर दमट हवा असली की असं होतं, हे इंजिनिअरला शिकवावं लागत नाही. पण आत थंडी कुठून येणार? गाडीला एसी नव्हता, गाळ्यात पंखा घरघरत होता आणि प्रबोधची पाठ घामाने भिजली होती. गाडीच्या खाली फरशीवर पाण्याचं थारोळं होतं. त्याने बोट बुडवलं. पाणी बर्फासारखं.

"गळतंय का काही?" त्याने विचारलं.

"रोज पुसते मी," वहिनी म्हणाल्या. "रोज येतं."

चेसिसचा नंबर जुळला. इंजिनचा जुळला. बॅटरी नवी होती. हॉर्न एकदा दाबून बघितला, गाळा दणाणला. यादी संपत आली. शेवटचं कलम होतं दारांच्या आतल्या मुठींचं. प्रबोधचं पेन सवयीने टिक करायला टेकलंसुद्धा.

"आत बसून बघा ना, भावजी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज साधाच होता. "घाई कुठेय?"

गाळ्यातल्या घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. तो स्टिअरिंगमागे बसला. त्यांनी दार लावलं.

आधी वास आला. रेक्झिनचा नाही, जुन्या गाडीचा नाही. गोठलेल्या पुठ्ठ्यांचा आणि मांसाचा. हा वास त्याने शेकडो जहाजांवर घेतला होता, नेहमी दाराबाहेरून.

त्याने मूठ ओढली. ती फिरली, पण कशालाच लागली नाही. पुन्हा ओढली. काच खाली करायचा दांडा फिरवला. तो आपल्याभोवतीच फिरत राहिला. पलीकडच्या दाराकडे सरकला. तिथेही तेच.

"वहिनी, जरा बाहेरून उघडा."

त्या दोन पावलांवर पाठमोऱ्या उभ्या होत्या. हलल्या नाहीत.

त्याने हॉर्न दाबला. आवाज आला नाही.

श्वासाची वाफ दिसायला लागली. घामाने भिजलेला शर्ट पाठीला कडक होऊन चिकटला. त्याने काचेवर बुक्क्या मारल्या, लाथ मारली. काच जाड दारासारखी बद्द वाजली. वहिनींची वेणी, कुडत्यावरची सुरकुती, भिंतीवरचं घड्याळ, सगळं दिसत होतं. काटा हलत नव्हता.

त्याच्या मनगटावरचं घड्याळ मात्र चालत होतं. साडेतीन. तीन चाळीस.

बोटं बधिर झाली तेव्हा त्याला जाणवलं की मुठीवर आपल्या हाताखाली आधीच एक हात आहे.

गार. मोठा. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना वण. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तो वण पडला तेव्हा प्रबोध शेजारीच उभा होता.

त्याने खाली बघितलं नाही.

"नंदू," तो म्हणाला. दात वाजत होते. "तू सांगितलं होतंस. मी बघितलं नाही. मी सांगतो. आशावहिनींना सांगतो, आज, आत्ता. आईशप्पथ."

हाताखालचा हात निघाला.

मूठ खटकन लागली आणि दार उघडलं.

*

बाहेर उकाडा होता. पंखा घरघरत होता. भिंतीवर अजूनही तीन वाजून बारा मिनिटंच झाली होती आणि प्रबोधच्या मनगटावर तीन त्रेपन्न.

वहिनी वळल्या. "उघडलं ना आतून?" त्यांनी स्वतः आत बसून दार लावलं, मूठ ओढली. दार लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं. दोनदा, तीनदा. "चांगलं चालतंय की."

मग त्या खाली उतरल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"भावजी, एक विचारू? त्या खोलीची मूठ तुम्ही तपासली होती?"

हा क्षण त्याच्यासाठी राखून ठेवलेला होता. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण ऊब फार वाईट. बोटांत रक्त परत येत होतं, खालच्या मजल्यावरून कुणाचा तरी रेडिओ ऐकू येत होता, आणि आत घडलं ते मिनिटागणिक खोटं वाटायला लागलं होतं. घाबरला होता, दार अडकलं होतं, इतकंच. कबूल केलं तर लायसन्स जाणार, सिंगापुरात राहायचा पास जाणार, कोर्ट मागे लागणार. पन्नाशी उलटल्यावर कुठे जायचं?

"तपासली होती," तो म्हणाला.

"आणि ह्यांनी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं?"

"नाही वहिनी. सांगितलं असतं तर मी लिहिलं नसतं का?"

त्याने शेवटच्या कलमावर टिक केली आणि सही ठोकली. वहिनींनी ती सही पाहिली.

"त्या दिवशी दुपारी ह्यांचा मेसेज आला होता," त्या म्हणाल्या. "'पब्याला मुठीचं सांगितलंय, आता पार्ट येईल.' दीड वर्ष जपून ठेवलाय मी. चौकशीवाल्यांना दाखवला नाही. म्हटलं, मित्र आहे, एक दिवस आपल्या तोंडाने सांगेल."

प्रबोधने मान खाली घातली. पेन बंद करून खिशात ठेवलं.

"घाबरू नका. मी काही करणार नाहीये," आशावहिनी म्हणाल्या आणि गाळ्याचं शटर ओढून घेतलं.

*

गाडी जूनमध्ये डेट्रॉइटला पोचली. व्हिटकॉमने लांबलचक मेल लिहिला. शेजारपाजारचे म्हातारे खुर्च्या टाकून तिच्याभोवती बसतात, लोंबती वायर बघून पोरांसारखे हसतात. दारं झकास उघडतात. आणि उन्हात उभी केली की चांगली तापते; प्रबोधने अहवालात "आतून गार" असं का लिहिलं होतं, ते मात्र त्याला कळलं नाही.

प्रबोधला कळलं होतं. गाडीत जे होतं ते आता त्याच्यामागे लागलं होतं. पहिल्यांदा ऑफिसच्या बाथरूममध्ये. बाहेरून शिपायाने सहज ढकललं, उघडं होतं. मग अलेक्झांड्रा रोडवरच्या एका गोदामात. मग घरी. दार आपल्यामागे लागलं आणि आत तो एकटाच असला, की मूठ फिरायची पण कशालाच लागायची नाही. बाहेरून कुणीही एका बोटाने उघडत असे. जहाजावर तो दाराच्या आत पाय टाकेनासा झाला. आशावहिनींना त्याने चारदा फोन केला. पहिल्या तिन्ही वेळा त्यांनी "हॅलो" म्हटल्यावर ठेवून दिला, आणि चौथ्यांदा तो नंबर बंद होता. त्या फ्लॅट विकून रत्नागिरीला गेल्याचं मागाहून कळलं.

बायकोला, रश्मीला, तो दारं लावू देत नसे. बाथरूमचं दार तर त्याने काढूनच टाकलं. रश्मी हसायची, मग चिडायला लागली, मग तिने विषय सोडून दिला.

ऑगस्टमध्ये तिच्या भाचीचं लग्न पुण्याला निघालं. तीन आठवडे. प्रबोधने ती गेली की शेजाऱ्यांना किल्ली द्यायचं ठरवलं, तिला दहादा बजावलं की जाताना बाहेरचं दार नुसतं लोटून जा, ओढू नकोस. "हो रे बाबा," ती म्हणाली.

सकाळी सहाला त्याला जाग आली ती टॅक्सीच्या आवाजाने. तिने त्याला उठवलं नव्हतं. झोपलाय तर झोपू दे, असं तिला वाटलं असणार. पॅसेजमधून बॅगेची चाकं गेली. बाहेरचं दार वीस वर्षांच्या सवयीने ओढलं गेलं. लोखंडी गेटला कुलूप लागलं. आणि त्याआधी कधीतरी, त्याची झोप मोडू नये म्हणून, तिने बेडरूमचं दार हलकेच लावून घेतलं होतं.

प्रबोध उठून बसला. एसी बंद होता. फोन बाहेर हॉलमध्ये चार्जिंगला होता. खिडकीच्या काचेवर बाहेरून दव धरलं होतं.