गोवराची एक बाटली

"ताई, गोवराच्या लसीचा सरकारी माल येईपर्यंत थांबा. घाईघाईत बाहेर टोचून घेऊ नका," नाशिक पालिकेच्या दवाखान्यातल्या कुसाबाई नर्स म्हणाल्या होत्या. स्नेहलने मान डोलावली आणि बाहेर पडताच इंदिरानगरच्या डॉ. दिनेशना फोन लावला.

आता तिच्या बाळासोबत, रुद्रसोबत, तिथे लस घेतलेल्या एका मुलीला अंगभर गोवर उठला होता. स्नेहल खासगी गुप्तहेर सायली खैरनारसमोर बसली होती.

"त्या दिवसाचा फोटो?"

"प्रत्येक टोचणीचा आहे."

"आई आहेस की वार्ताहर?" सायलीने फोटो मोठा केला. रडणारा रुद्र, शेजारी ट्रे, त्यात बाटलीचं झाकण. झाकणावर गोल, काळपट ठिपका.

"एकटीच होतीस?"

"चौघी. डॉक्टरांनीच बुधवारी संध्याकाळी एकदम बोलावलं."

आधी दोघी डॉक्टरांना लस पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याकडे, योगेशकडे गेल्या.

"गोवराची लस? कित्येक महिने नाय, मॅडम. कारखाना एकच, गिऱ्हाईक एकच, सरकार! आम्ही नुसते फ्रीज पुसतो." त्याने जुनी रिकामी बाटली दाखवली. "आमची ही अशी, एका बाळापुरती." झाकण कोरं होतं.

मग त्या इंदिरानगरला गेल्या. डॉ. दिनेश नुकतेच दवाखान्यात आले होते. "लस योगेशकडचीच. बसा. बुधवारी घोटीच्या सरकारी केंद्रात असतो ना, मोटारसायकलवर पार शिजलो!"

"तुमच्याबरोबर बाटलीही शिजली," सायली म्हणाली.

स्नेहल गोंधळली. "म्हणजे?"

"योगेशची बाटली एका बाळाची. मग चौघींना एकदम का बोलावलं? अनेक बाळांची मोठी बाटली सरकारी. ती फोडली की लगेच संपवावी लागते. उष्णता दाखवणारा ठिपकाही तिच्याच झाकणावर. त्यातला पांढरा चौकोन काळवंडला की लस मेली. घोटीच्या पोरांची बाटली यांनी बर्फाशिवाय मोटारसायकलवरून आणली."

डॉक्टरांनी नाकारलं नाही. "मग कुठून आणू? दुकान एकच, तेही रिकामं. या ताईच रोज फोनवर रडायच्या."

"मग आता पुन्हा टोचा!" स्नेहल म्हणाली.

"कशाने?"

सायलीने तक्रार केली. फ्रीज रिकामेच राहिले. स्नेहल रुद्रच्या कपाळावर हात ठेवून बसते.

बाकी तिघींपैकी दोन आयांना तिने गाठून सांगितलं. तिसरी द्राक्षांच्या कामाला आलेली, वणीकडची. नाव कुणी विचारलंच नाही. बाळ आता सुरक्षित आहे, अशा समजात ती गावी गेली.

"तुम्ही तिकडचे का?" स्नेहल भेटेल त्याला विचारते. तुम्हालाही विचारतेय. "नाशिकला टोचून आणलेलं बाळ शेजारी असेल, तर आज जाऊन या. अंग तापलंय का, तेवढं बघा."