किती आहात?

सकाळची कॉफी आली ती गारढोण. त्यावरून झेफिरँकाकानं स्वयंपाक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, म्हणजे सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या आर्गोनच्या त्या टेकडीवर वर खंदकांची लढाई होती आणि टेकडीच्या पोटात घुशींची. जर्मन फ्रेंचांच्या खंदकाखाली बोगदा खणून सुरुंग पेरत, फ्रेंच त्यांच्याही खाली शिरत. या कामाला उत्तरेचे कोळसाखाणवाले आणले होते. म्हातारा झेफिरँकाका त्यातलाच, एल्वाही, आणि एल्वाचा धाकटा भाऊ अनातोलही. गेल्या महिन्यात जर्मनांनी शेजारचा बोगदा उडवला, तेव्हा अनातोल आणि त्याचे दोन सोबती आतच गाडले गेले.

महिनाभर मातीखाली माणूस जगत नाही, एवढं एल्वाला कळत होतं. म्हणून दुपारी बोगद्याच्या टोकाला सुरुंगाच्या दारूची पोती रचताना भिंतीतून ठोके आले, तेव्हा त्याचा आधी स्वतःच्या कानांवरच विश्वास बसला नाही.

तीन ठोके. थोडं थांबून पुन्हा तीन.

खाणीत दरड कोसळली की बाहेरचे लोक भिंतीवर भराभर टकटक करतात: किती आहात? आत जितके जिवंत, तितके ठोके उत्तरादाखल येतात. आणि ठोका कानावर पडला की उत्तर द्यायचंच, हातातला घास खाली ठेवून. इथं लढाईत मात्र त्याला सक्त मनाई होती, कारण शत्रूही कान लावून बसलेला.

"जर्मनांची चाल आहे," लेफ्टनंट देलमास म्हणाला. हा तुलूजचा इंजिनिअर, होकायंत्रापलीकडे कशावर विश्वास न ठेवणारा. "त्यांच्यातही खाणवाले आहेत, एल्वा."

"असतील, साहेब. पण आमच्या बापाला मालकांनी असंच आत बुजवलं होतं. खाणीतली आग विझावी म्हणून. आतून ठोके येत असताना! आई खाणीच्या तोंडाशी बसून ऐकत होती. मी अनातोलला सोडून जायचा नाही. गोळ्या घालायच्या तर घाला."

देलमासनं घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "सूर्य टेकला की मी सुरुंगाची कळ दाबणार. तू आत असलास तरी."

"दाबा," एल्वा म्हणाला आणि त्यानं कुदळ उचलली.

झेफिरँकाका न बोलावता मागोमाग आला. एल्वा वेड्यासारखा खणत होता. "अरे, वरातीला निघालास काय? आधी वर फळ्या ठोक!" म्हातारा खेकसला. माती ओली, जड, कुबट वासाची होती. ठोके तीनच येत, पण दर वेळी जरा जवळून.

भोक पडलं. एल्वानं दिवा आत धरला.

तिघं भिंतीला टेकून बसलेले. केव्हाच गेलेले. अंगावर, मांडीवरच्या हातांवर धुळीचा सारखा थर, कुठंही न मोडलेला. एल्वा हंबरडा फोडून रडला. मग नाक पुसून त्यानं भावाच्या काखेत हात घातले.

वाट अरुंद होती, एका वेळी एकालाच काढता येई. अनातोलला बाहेर ठेवून दोघं परतले. झेफिरँकाकानं दिवा टेकवला आणि जन्माच्या सवयीनं फळीवर टकटक केली.

दोन ठोके आले.

समोरचे दोघं तसेच बसले होते. धूळही तशीच.

"काका, ऐकलंत?"

"ऐकलं. पाय धर त्याचे."

पुढच्या खेपेला एक.

बोगद्याच्या तोंडाशी उजेड पिवळा पडला होता. देलमास सुरुंगाची कळ धरून ओरडत होता. एल्वा तरीही शेवटच्यासाठी आत गेला, त्याला पाठीवर घेऊन आला, आणि मग टेकडीचा अर्धा माथा आभाळात उडाला.

तिघांना रीतसर माती मिळाली, क्रूस मिळाले. एल्वाच्या छातीवरचं ओझं उतरलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या गावात, एका पडक्या घराच्या तळघरात देलमास स्वतः वाईनची बाटली घेऊन त्या दोघांसोबत जेवायला बसला. त्याला काहीतरी विचारायचं होतं, पण तो पाव कुस्करत राहिला. बीन्सच्या सूपाची वाफ येत होती. झेफिरँकाका पुन्हा स्वयंपाक्याला शिव्या देत होता.

तेवढ्यात फरशीखालून टकटक झाली. भराभर, घाईची.

एल्वानं वाडगा दूर सारला. आजवर खालून उत्तरंच आली होती. हा प्रश्न होता.

त्यानं झपकन म्हाताऱ्याचं मनगट धरलं, पण उशीर झाला होता. झेफिरँकाकानं चमचा टेबलावर आपटला होता. तीनदा.

खाली सारं शांत झालं. म्हातारा स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला.

"काय सांगितलंस त्यांना?" देलमासनं विचारलं.

"सवयीनं झालं, साहेब. किती आहोत ते."

देलमासनं टेबलाभोवती नजर फिरवली. हातातला पाव हळूच खाली ठेवला.

"मला धरून?"