सुधारणा

संग्रामपूरच्या फाट्यावर बस चुकली. मी हात केला आणि पांढरी गाडी थांबली. मागे कापूस वेचायला निघालेल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. ड्रायव्हरशेजारची जागा तेवढी रिकामी.

“बसा मॅडम. वरवट गावाले उतरवू?”

आवाज ऐकला नि मी दचकले. हाच तो माझ्या यादीतला गोकुळ! मी खामगावच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन करायची... “तुमच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करायची आहे, फुकट आहे, गाडी घेऊन या.” हा “रॉन्ग नंबर” म्हणून कापायचा. एकदा मात्र म्हणाला होता, “आवाज गोड आहे तुमचा. पण खोटा आहे.” ते वाक्य मी घरी घेऊन गेले होते. रागानं. बहुतेक रागानंच...

“मीच ती रॉन्ग नंबर,” मी म्हणाले.

त्यानं मान वळवून पाहिलं. गालात हसला. “सुधारणावाल्या मॅडम! तरीच.”

“गाडी काऊन नाही आणली?”

“सुधारणा म्हटलं ना तुमी. मागच्या साली सुधारित बियाणं पेरलं आमी. गुलाबी अळीनं सारी बोंडं पोखरली. कंपनीवाला फिरकला नाई. आपला वाईट माल परत बोलावणारी कंपनी पाह्यली का तुमी कधी?”

“गोकुळ, समोर पाह्य रे!” मागून बायांमधली बेबीताई ओरडली. “मॅडम काई पळून नाई चालल्या.”

बाया खिदळल्या. मला हसू आलं नाही. साहेबांनी आम्हाला बजावलं होतं, ‘ब्रेक लागत नाही’ असं म्हणायचं नाही, गिऱ्हाईक घाबरतं, ‘सुधारणा’ म्हणायचं. हा शब्द ज्यानं शोधला त्याला या बायांमध्ये कोंबून बसवायला हवं होतं.

पुलाकडचा उतार लागला. स्टिअरिंगमागे ब्रेकचा पिवळा दिवा पेटला.

“हा कधीपासून?”

“लागते कधी कधी. तुमच्यासारखाच... डोळे वटारते नि इझते.”

“सुधारणा गेली खड्ड्यात!” मी म्हणाले. “ब्रेक लागणार नाही, गोकुळ. साफ लागणार नाही. मागे बाया आहेत.”

त्याचं हसू गेलं. त्यानं पाय दाबला. पेडल दगडासारखं कडक. गाडी पळतच होती, आणि खाली पुलावर बकऱ्यांचा कळप...

“थांबव ना बे!” मी किंचाळले. “गिअर पाड! हँडब्रेक... हळू, हळू ओढ!”

इंजिन गुरगुरलं. त्यानं गाडी रस्त्याकडेच्या वावरात घातली. कापसाची पऱ्हाटी कडाकडा मोडली, बोंडं काचेवर आपटली, अर्ध्या खिडकीतून कापूस आत उडाला, बाया एकमेकींवर कोसळल्या. चाकं मातीत रुतली. गाडी थांबली.

मग बेबीताईचा कापरा आवाज, “लागलं का वो कोणाले?... नाई ना? मंग उतरा. जानरावचंच वावर आहे, इथंच वेचाचं होतं.”

बाया उतरल्या. कुणी हसत होती, कुणी रडत. हँडब्रेकवर त्याचा हात होता आणि त्याच्यावर माझा. दोघांनीही काढला नाही.

“पैल्याच दिवशी असं सांगतलं असतं...” तो हळू म्हणाला, “ब्रेक लागत नाई, मरशीन, म्हणून. तवाच आलो असतो.”

“तसं सांगायला मनाई होती.”

“आता?”

“आता सगळ्यांना असंच सांगणार. साहेब काढतो का ठेवतो, त्याचं तो पाहील.”

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या केसात अडकलेला कापूस त्यानं दोन बोटांनी अलगद काढला.

“मॅडम... मले ‘बे’ म्हटलं तुमी. दोस्ताले म्हणते तसं.”

“घाईत निघालं तोंडून.” माझे कान तापले. “परत घेते.”

“गाडी न्या परत. पाह्यजे तितके दिवस ठेवा.” त्यानं तो कापूस खिशात घातला. “ते ‘बे’ तेवढं राहू द्या.”

बाहेरून बेबीताईनं काचेवर टकटक केलं. मी घाईघाईनं ओढणी सावरली. हात मात्र तसाच राहू दिला.

“चल, उतर बे,” मी म्हणाले.