मिठाच्या पाण्यातली बॅटरी

वहिनीचं काम दिसायला साधं, पण जिवावरचं. मोबाइलच्या, स्कूटरच्या जुन्या बॅटऱ्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, त्यांतली उरलीसुरली वीज उतरली की मीटर लावायचा आणि काटा शून्यावर आला तरच पुढे क्रशरकडे द्यायच्या. क्रशरवर तिचा धाकटा दीर. तो बॅटऱ्यांची काळी भुकटी करायचा. पुढे ॲसिडमधून तिच्यातलं कोबाल्ट, निकेल निघायचं. एखादी भरलेली बॅटरी पात्यात गेली तर आग ठरलेली. दिराचा आवाज यंत्राच्याही वर चढायचा, म्हणून सगळी शेड त्याला भोंगा म्हणायची.

एके दिवशी पाण्यातून काढलेली एक बॅटरी काठोकाठ भरलेली निघाली. मीटर बिघडला असेल म्हणून वहिनीने दुसरा लावला. तोही तेच सांगत होता. तिने ती पुन्हा बुडवली. दुपारपर्यंत काटा निम्म्यावर आला.

जेवताना भोंग्याने डबा तसाच बाजूला सारला.

"वहिनी, अंगात त्राणच उरलं नाही बघा."

"झोप झाली नसेल, भावजी."

"छे हो! मेल्यासारखा झोपलो होतो."

संध्याकाळी तिने ती बॅटरी फळीवर सुकत ठेवली. सकाळी पाहते तो पुन्हा भरलेली. आणि भोंगा तर फाटकापासूनच गात आला होता.

तिने बॅटरी पाण्यात सोडली. बारीक बुडबुडे वर येऊ लागले. थोड्या वेळाने पलीकडचं गाणं मध्येच थांबलं. वळून पाहिलं, तर भोंगा खांबाला टेकलेला, ओठ पांढरेफटक. वहिनीने घाईघाईने बॅटरी बाहेर काढली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

काहीतरीच, योगायोग असणार, तिने मनाला बजावलं. पण मनाचं समाधान होईना. तिने ती पुन्हा पाण्यात धरली.

भोंगा धाडकन कोसळला.

"अहो, बघत काय बसलात?" मुकादम ओरडत धावला. "पाणी आणा, पाणी!"

वहिनीने बॅटरी पुसली, फडक्यात गुंडाळली, डब्याच्या पिशवीत कोंबली.

"काय तमाशा लावलाय रे?" भोंगा उठून बसत म्हणाला.

ती बॅटरी तिने घरी नेऊन कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवली.

"ताई, काय औषध दिलंत यांना?" जाऊ हसत म्हणाली. "आता शेजारी कानात बोळे घालून बसतात!"

वहिनीला हसू आलं नाही.

पुढचे दिवस निवांत गेले. मग एका सकाळी तिने पाण्यातून एक छोटीशी, करंगळीएवढी बॅटरी उचलली. थंड पाण्यातून निघूनही ती हाताला कोमट लागत होती. तिने मीटर लावला.

भरलेली.

"आटपा, क्रशर रिकामा फिरतोय!" मुकादम ओरडला.

ती मूठ मिटून शेडबाहेर आली. नवऱ्याला फोन केला, मुलीला केला, जावेला केला, गावाकडे आईलाही केला.

"सगळे बरे आहात ना?"

"बरे आहोत की. का गं?"

"काही नाही. सहज."

तिने फोन ठेवला, आपल्यातल्या कुणाची नाही, असं स्वतःला सांगत आत आली आणि ती छोटी बॅटरी पुन्हा पाण्यात सोडली.