पिंजऱ्याखालचा केर

“अडकित्त्यानं चोच कापणार? काका, ती काय सुपारी आहे?” शैला ओरडलीच.

“मग काय उपाशी मारू त्याला?” रामदासकाका टोपी चढवत म्हणाले. ते गिरणीत फिटर होते. आज हरताळ, म्हणून घरी. “शिवाजी पार्कावर संयुक्त महाराष्ट्राची सभा आहे. तिथून आलो, की टोक उडवतो. एका झटक्यात!”

काका चाळीचा जिना उतरले. हिरोजी पोपट पिंजऱ्यात अंग फुगवून बसला होता. त्याच्या चोचीचं टोक वाढून गळ्याकडे वळलं होतं; भिजवलेला हरभरासुद्धा त्याला धरता येईना. नखं इतकी लांब, की दांडीवरून सारखा घसरे. रविवारी काकांनी कात्रीनं त्याचं एकच नख कापलं, तर भळभळ रक्त आलं होतं! तेव्हापासून तो कुणाच्या हातावर येत नव्हता. शैलाच्यासुद्धा.

“नखात रक्त असतं, तर चोचीतही असणार,” ती हळूच म्हणाली. तिच्या धाकट्या भावाचे, रघूचे डोळे भरून आले.

शेजारच्या लवूनं मुकाट्यानं अडकित्ता उचलला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरला. “घ्या! एक काम झालं.”

“पण मला सांगा, झाडावरच्या पोपटांची नखं कोण कापतं?” शैलानं विचारलं.

“त्यांचा न्हावी असेल!”

“चेष्टा नको रे लवू. चल, बघूनच येऊ!”

मे महिन्याची सुट्टी होतीच. ट्राम बंद, म्हणून तिघं लालबागहून चालतच राणीच्या बागेत पोचली. चिंचेवर पोपटांचा नुसता कलकलाट! त्यातला एक फांदीवर चोच घासत होता, आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं. मग त्यानं साल ओढायला सुरुवात केली.

“ए! माझ्या डोक्यात काय पडतंय?” रघू केस झाडू लागला. “शी! सालीचा केर!”

शैला एकदम थबकली. “रघ्या, हिरोजीच्या पिंजऱ्याखाली केर कधीपासून पडत नाही?”

“होळीपासून. आई कुरकुरायची ना, फांदी कुरतडून घर घाण करतो म्हणून? मग काकांनी ती टाकून गिरणीतली सूत गुंडाळायची जुनी बॉबिन दांडी म्हणून बसवली.”

“आणि बॉबिन असते गुळगुळीत!” लवू ओरडला. “मग नखं झिजणार कशावर? कपाळावर?”

बागेतल्या माळीबुवांनी छाटलेली एक फांदी खुशीनं दिली.

संध्याकाळी काका परतले, ते घोषणा देऊन घसा बसवूनच. “माझो अडकित्तो खंय गेलो?”

शैला पिंजऱ्यापुढे उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं आणि बॉबिन काढून काकांच्या हातात दिली. “यावर बोट फिरवा. आता या फांदीवर फिरवा.”

काकांनी फिरवलं. मग हत्यारांच्या पेटीतून त्यांनी बारीक कानस काढली.

“कापूचा नाय. घासूया. धर गो त्याका.”

शैलानं हिरोजीला धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलं, छातीवर दाब येणार नाही असं. तिच्या बोटांखाली त्याचं काळीज धडधडत होतं. काका एकदा घासत, थांबून बघत, पुन्हा घासत. चोचीचं टोक झालं, मग एकेक नख. पांढुरकी भुकटी पडली. रक्ताचा थेंब नाही!

काकांनी बॉबिनच्या जागी फांदी बसवली. हिरोजी तिच्यावर बसला. घसरला नाही. शैलानं हरभरा पुढे केला. त्यानं पंजात धरून तो सोलून खाल्ला, आणि मग तिच्या मनगटावर चढला!

“शाब्बास पोरांनो! फिटरलाच शिकवलंत की!” काका म्हणाले. “आता तरी सुपारी खाऊ द्या!”

“भात लावताना सापडेल अडकित्ता,” लवू म्हणाला.

तेवढ्यात हिरोजी फांदीवर परतला. करकर! सालीचा तुकडा नुकत्याच झाडलेल्या जमिनीवर पडला. सगळ्यांनी दचकून आईकडे पाहिलं.

आईनं केरसुणी उचलली. क्षणभर पिंजऱ्याकडे बघितलं आणि ती परत कोपऱ्यात ठेवून दिली.

“पाड रे बाबा,” ती म्हणाली. “हवा तेवढा पाड.”