रिकाम्या प्रेसमधला हात

त्या सकाळी ऊन शेडच्या छतातल्या पारदर्शक पट्ट्यांतून अगदी सावकाश खाली आले. आधी क्रेनच्या पिवळ्या गर्डरवर थांबले, मग तेलकट धुळीतून तिरपे उतरत, पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसच्या झिजून चकचकीत झालेल्या कडेवर रेंगाळले आणि शेवटी ज्ञानेशच्या लॅपटॉपशी येऊन टेकले. इतके साधे ऊन. त्या उजेडात प्रेस रिकामी आहे, हे स्वच्छ दिसत होते.

ही घडलेली गोष्ट आहे. चाकणच्या एका कारखान्यात, गेल्या मार्गशीर्षात, पहिल्या शिफ्टला घडलेली. काळोख तिच्यात कुठेच नाही.

प्रेसची सुरक्षा सांभाळणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, ज्ञानेशच्या आधी हे काम पाहणाऱ्या जयदीप सरांनी सी भाषेत लिहिली होती. सर आजारपणात गेले आणि मूळ कोडही हरवला. उरली ती फक्त चालणारी, पण वाचता न येणारी फाइल. ज्ञानेशने नवा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहून त्यातून तीच फाइल वापरली. प्रत्येक स्ट्रोकआधी, म्हणजे प्रेस खाली येण्याआधी, तिला विचारायचे, आत हात आहे का? शून्य म्हणजे नाही. एक म्हणजे आहे.

उत्तर आले... एक.

त्याने हात टिपणारा सेन्सर पुसला. पुन्हा विचारले.

एक.

सेन्सरची वायरच काढली. आता लायब्ररीला काहीही दिसणे शक्य नव्हते.

एक.

ऑपरेटर खंडूभाऊने हातमोजे घातलेले तळवे त्याच्यासमोर धरले. "साहेब, माझं दोन्ही हात तर हितं हायेत. मग आत कुनाचा हाय?"

तो स्वतःच हसला. मग हसायचा थांबला.

मॅनेजर साधना मॅडमनी दोनदा बजावले होते की ग्राहक यायच्या आत लाइन सुरू हवी. ज्ञानेशला वाद घालता येत नसे. मान खाली घालून त्याने एक ओळ लिहिली. लायब्ररी काहीही म्हणो, शून्य धर. वायर तशीच लोंबत राहिली. आता खंडूभाऊचा हात आणि वरून उतरणारी डाय, तो पोलादी साचा, यांच्यामध्ये काहीच उरले नव्हते, हे त्याला कळत होते.

प्रेस ऑटोवर चालू झाली. काही पत्रे नीट निघाले.

मग एक पत्रा तिरका बसला. खंडूभाऊने सवयीने हात आत घातला.

डाय खाली निघालीच होती...

थांबली.

मनगटाच्या किंचित वर.

पंपाचा आवाजही बंद झाला. ज्ञानेशच्या पडद्यावर त्याच्याच प्रोग्रॅममधल्या, प्रेस थांबवण्यासाठी लिहिलेल्या छोट्या तुकड्याचा, म्हणजे फंक्शनचा, संदेश उमटला होता: प्रेस थांबवली.

खंडूभाऊने बराच वेळ हात बाहेर काढला नाही. काढल्यावर मनगटाकडे पाहत हळू आवाजात म्हणाला, "कुनीतरी धरलं हुतं, साहेब. वढलं न्हाई. नुसतं धरून ठेवलं."

ज्ञानेशने सर्वांना समजावले की यात अद्भुत काही नाही. आपले एखादे फंक्शन लायब्ररीला आधीच सोपवून ठेवता येते. धोका दिसला की ती स्वतःहून ते चालवते. सेन्सरची वायर काढलेली होती, हे त्याने सांगितले नाही. साधना मॅडमना पटले. खंडूभाऊने मात्र दुसरी मशीन मागून घेतली.

चऱ्होलीच्या घरी ज्ञानेश तो प्रोग्रॅम अजूनही उघडतो. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो. कुठेतरी नजरचुकीने राहिले असेल, असे स्वतःला सांगून पुन्हा वाचतो.

ते फंक्शन त्याने लायब्ररीला कधी सोपवलेच नव्हते.