चोपन्न किलो

मंगळवारी दुपारपर्यंत दोरीवाले मिस्त्री तीनदा म्हणाले होते की काम संपलं. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांचा स्वतःवरच विश्वास नव्हता.

मोटारसायकलची दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, हे ते अजूनही दोरी ताणून बघत, म्हणून हे नाव पडलेलं. घरामागची पत्र्याची शेड हेच त्यांचं गॅरेज. समोरची गाडी भावजींची. भावजी जाऊन सात वर्षं झाली, आणि तेव्हापासून ती ताईच्या जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून पडली होती. आता भाचीला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि तिनं हट्ट धरला, "जाईन तर बाबांच्याच गाडीवर." रस्ता घाटाचा, आणि मागचं चाक धरून हलवलं तर बोटभर डुलायचं. अशी गाडी वळणावर घालणं म्हणजे जिवाशी खेळ. एकुलती एक भाची.

दोष चिमट्यात होता. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं तो स्विंगआर्म. कारागीर त्याला चिमटाच म्हणतात. तो गाडीच्या सांगाड्याला एका पिनवर अडकवलेला असतो आणि पिनेच्या दोन्ही टोकांना पितळेचे बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या नळ्या, असतात. मिस्त्रींनी पिन ठोकून काढली. उजवा बुश जवळजवळ नवा निघाला. डावा झिजून अंड्यासारखा झालेला.

"भावजी गाडी चालवायचे की डाव्या अंगाला लोंबकळायचे?" मिस्त्री पुटपुटले. मागे कुणी दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसत असेल, तेही वर्षानुवर्षं, तरच असं होतं. ताई बसत असणार. त्यांनी विषय सोडून दिला.

नवे बुश प्रेसमध्ये दाबून बसवले, नवी पिन घातली, चिमटा सपाट लादीवर ठेवून कुठे वाकलाय का ते तपासलं. मागच्या स्प्रिंगाही नव्या घातल्या. चाक बसवलं, चेनचा ताण जमवला, दोरी धरली. दोरी दोन्ही टायरांना चारही ठिकाणी नीट टेकली. सोमवारी दुपारी ते जेवायला गेले.

परत आले तर चाक डावीकडे कललेलं आणि गाडीची मागची बाजू खाली बसलेली. सीटपासून ऍक्सलपर्यंतचं अंतर सकाळी बत्तीस सेंटीमीटर होतं. आता एकोणतीस.

त्यांनी पार्टवाल्याला फोन लावला. "स्प्रिंगा पाठवल्यास की शेवया?"

पार्टवाल्यानं दुसरी जोडी पाठवली. त्याही बसल्या. सगळ्यात कडक जोडी घातली, तीही बसली. प्रत्येक वेळी चिमटा उतरवायचा, पुन्हा चढवायचा, पुन्हा दोरी धरायची. दोरी दर वेळी सरळ. आणि पाठ वळवून हात पुसेपर्यंत जुन्या चामड्याचा हलकासा आवाज, की गाडी पुन्हा खाली. मिस्त्रींनी पाना भिरकावला. एवढ्या वर्षांत कधी पाना फेकला नव्हता.

शेवटी शेजारच्या भंगारवाल्याकडून तबकडीचा वजनकाटा आणला. म्हणाले, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. पुढचं चाक शिकंज्यात पकडलं, मागचं काट्यावर चढवलं. शहाऐंशी किलो. बरोबर. हात बांधून ते समोर उभे राहिले.

चार मिनिटांनी सीट चरचरली. काटा सावकाश फिरत एकशेचाळीसवर जाऊन थांबला.

शेडमध्ये लख्ख ऊन होतं. सीटच्या मागच्या भागात, डावीकडे, चामडं थोडं खोल गेलं होतं. मिस्त्रींनी हात पुढे केला आणि न लावताच मागे घेतला. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

त्यांनी ताईला फोन केला. आवाज नेहमीपेक्षा चढलेला.

"ताई, तू या गाडीवर एका बाजूनं बसायचीस ना?"

"मी? मी कधी बसलेच नाही त्या गाडीवर."

"कधीच?"

"मागचं सीट कच्चं आहे म्हणायचे हे. कितीदा म्हटलं, दुरुस्त करून घ्या. का रे?"

 मिस्त्रींनी जे होतं ते सांगितलं: झिजलेला बुश, स्प्रिंगा, काटा. वेड्यासारखं वाटत होतं, तरी सांगितलं.

"किती भरतं वजन?"

"चोपन्न."

"सडपातळ आहे म्हणायची," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ताई टॅक्सीनं आली. टॅक्सीवाल्याला रस्त्यावर थांबायला सांगून शेडमध्ये शिरली. गाडी अजून काट्यावरच होती. एकशेचाळीस. ताईनं तबकडी पाहिली, मग सीट. चपला वाजवत सरळ मागच्या चाकापाशी गेली.

"ताई, जरा जपून..."

"तू थांब रे."

मग सीटकडे तोंड करून, रांगेत मध्ये घुसलेल्या बाईशी बोलावं तशी ती बोलली. रागापेक्षा कंटाळाच जास्त होता आवाजात.

"चोवीस वर्षं बसलीस. पुरे झालं. माझ्या लेकीला जायचंय. उतर आता."

काहीच झालं नाही.

"उतर म्हणते ना."

चामडं चरचरलं.

काटा थरथरला, मागे फिरला.

शहाऐंशी.

सीटवरचा खळगा हळूहळू भरून आला. मिस्त्रींनी दोरी उचलली. दोरी चारही ठिकाणी टेकली, आणि अर्धा तास टेकलेलीच राहिली.

दहाच्या सुमारास भाची आली. गल्लीत एक फेरी मारून परतली ती हसतच. "मामा, लोण्यासारखी पळते! आई, तूपण बस ना एकदा, कोपऱ्यापर्यंत."

"तू नीघ," ताई म्हणाली. "पोचलीस की फोन कर."

भाची गेली. वळणावर गाडी डावीकडे झुकली, सरळ झाली, दिसेनाशी झाली. मिस्त्रींना वाटलं, आता बसावं कुठेतरी. दोन दिवसांचा शीण एकदम अंगावर आला होता.

"चहा तरी घे, ताई."

"नको, घर उघडं टाकून आलेय."

ते तिला टॅक्सीपर्यंत सोडायला गेले. ताई मागच्या सीटवर बसली तसं टॅक्सीचं मागचं चाक दबलं. मिस्त्रींची नजर सवयीनं तिथेच गेली. ताईनं दार ओढलं नाही. पदर आवरून ती पलीकडच्या खिडकीपर्यंत सरकली, आणि उघड्या दाराकडे न बघता म्हणाली, "चल."

चाक पुन्हा एकदा दबलं.